पडद्यामागची डिस्क

ऑल-इन-वन संगणक घेतला जातो तो त्याच्या आटोपशीरपणासाठी. टेबलाखाली कॅबिनेट नको, वायरींचं जंजाळ नको, पडदा हाच संगणक. दवाखान्याच्या काउंटरवर, हाउसिंग सोसायटीच्या कार्यालयात, डीटीपीच्या दुकानात, घरी अभ्यासाच्या टेबलावर तो शोभतोही. पाच-सहा वर्षांनी मात्र कुरकुर सुरू होते. बटण दाबून चहा टाकावा आणि चहा पिऊन झाला तरी पडद्यावरचं चक्र फिरतच असावं, अशी वेळ येते. मग कोणीतरी सांगतं, "हार्ड डिस्क काढून एसएसडी टाका." सल्ला बरोबरच असतो. पण साध्या कॅबिनेटमध्ये जे काम चार स्क्रू आणि दोन केबलींचं आहे, ते इथे पडद्यामागे दडलेलं असतं, आणि काही यंत्रांत तो पडदा गोंदाने चिकटवलेला असतो. म्हणून स्क्रूड्रायव्हर शोधण्याआधी यंत्र नीट ओळखा. काही यंत्रं न उघडताच काम भागतं, आणि काही उघडून उपयोगच नसतो.

दोष खरंच डिस्कचा आहे का, हे आधी पाहू. विंडोजवर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकत्र दाबली की टास्क मॅनेजर उघडतो. त्यातल्या परफॉर्मन्स या भागात डिस्कच्या नावाखाली एचडीडी किंवा एसएसडी असं लिहिलेलं असतं. एचडीडी असेल आणि संगणक नुसता सुरू असतानाही डिस्कचा आकडा १०० टक्क्यांना टेकून बसत असेल, तर निदान झालं. त्याच ठिकाणी मेमरीही बघून घ्या. रॅम ४ जीबीच असेल तर विंडोज उरलेलं ओझं डिस्कवर टाकत राहतं, त्यामुळे नुसती डिस्क बदलून अर्धंच समाधान मिळेल. ऑल-इन-वनमध्ये बहुधा लॅपटॉपची रॅम लागते. यंत्र उघडायचंच आहे तर दोन्ही कामं एका बैठकीत उरका. मॅकवर 'अबाउट धिस मॅक'मधल्या सिस्टिम रिपोर्टमध्ये स्टोरेजखाली हीच माहिती मिळते, आणि यंत्राचं नेमकं वर्षही 'अबाउट धिस मॅक'मध्येच कळतं. हे वर्ष कागदावर लिहून ठेवा. पुढचे बरेच निर्णय त्यावर ठरणार आहेत.

जुन्या डिस्कची तब्येतही तपासायला हवी. क्रिस्टल-डिस्क-इन्फो हे मोफत सॉफ्टवेअर डिस्कने स्वतःविषयी ठेवलेल्या नोंदी दाखवतं. त्यात 'रिअलोकेटेड' किंवा 'पेंडिंग' सेक्टरची संख्या शून्याहून जास्त दिसली आणि वर पिवळा इशारा आला, तर हे काम पुढच्या रविवारवर ढकलू नका. डिस्कमधून टक-टक असा ठरावीक लयीत आवाज येत असेल तर ती वारंवार सुरू करून बघू नका, संपूर्ण नक्कल करण्याच्या मागेही लागू नका. फोटो, हिशेब, कागदपत्रं एवढं आधी बाहेर काढा. त्यात अडचण आली तर डेटा परत मिळवून देणाऱ्या व्यावसायिकाकडे जा.

फरक एवढा का पडतो, हे थोडक्यात. ऑल-इन-वनमध्ये जागा वाचवायची म्हणून बहुतेक कंपन्यांनी लॅपटॉपची अडीच इंची डिस्क बसवली, आणि ती मिनिटाला ५४०० फेरे घेणारी. एका फेऱ्याला सुमारे ११ मिलिसेकंद लागतात. हवा तो तुकडा सुईखाली येईपर्यंत सरासरी अर्धा फेरा थांबायचं, त्याआधी सुई योग्य वर्तुळावर न्यायची. विंडोज सुरू होताना असे हजारो छोटे तुकडे वेगवेगळ्या जागांहून वाचले जातात. एसएसडीत फिरणारं काहीच नसतं, त्यामुळे हा थांबण्याचा वेळ एक दशांश मिलिसेकंदाच्या आत येतो. जाहिरातीत सेकंदाला ५५० एमबी हा आकडा ठळक छापतात, पण तुम्हाला जाणवणारा फरक त्या आकड्याचा नसून या थांबण्याचा असतो. म्हणूनच स्वस्तातली, पण बऱ्या कंपनीची साधी साटा एसएसडीसुद्धा जुन्या यंत्राचा कायापालट करते.

आता यंत्रांच्या जाती. एचपी, लेनोवो, डेल यांची घरगुती विंडोज यंत्रं बहुतेक मागून उघडतात. पाठीवरचं प्लास्टिकचं झाकण खटक्यांवर बसवलेलं असतं, आत अडीच इंची डिस्क एका पत्र्याच्या किंवा प्लास्टिकच्या खोबणीत असते, आणि बऱ्याच मॉडेलांत एम.२ नावाची एक लांबट पट्टीची जागाही असते. ही सगळी घरी करता येण्याजोगी. अॅपलच्या आयमॅकचा मामला वेगळा. २००९ ते २०११ च्या आयमॅकमध्ये पुढची काच चुंबकांनी धरलेली आहे. रबरी सक्शन कप लावून ओढली की सुटते आणि आतला पडदा स्क्रूंनी बसवलेला असतो. २०१२ च्या अखेरीस आलेल्या पातळ कडांच्या आयमॅकपासून काच आणि पडदा एकजीव झाले आणि ते फोमच्या दुहेरी चिकटपट्टीने शरीराला चिकटवले गेले. २०१९ पर्यंतच्या हार्ड डिस्कवाल्या सगळ्या आयमॅकची हीच रचना. २०२० च्या २७ इंची आयमॅकमध्ये हार्ड डिस्क नाहीच, आणि २०२१ पासूनच्या २४ इंची एम-१ व त्यानंतरच्या यंत्रांत स्टोरेजच्या चिपा बोर्डावरच झाळलेल्या आहेत. तिथे आत बदलण्यासारखं काही उरत नाही. जागा हवी तर बाहेरून जोडायची.

आणि इथेच मॅकवाल्यांसाठी माझा स्पष्ट सल्ला आहे. २०१२ ते २०१९ मधला आयमॅक असेल आणि आतली डिस्क अजून धडधाकट असेल, तर पडदा सोडवू नका. या यंत्रांना यूएसबी ३ आहे. एक साटा एसएसडी, तिच्यासाठी यूएएसपी (यूएसबीवरून डिस्क वेगाने चालवणारी पद्धत) पाळणारं एक छोटं यूएसबीचं आवरण, एवढं पुरतं. त्यावर मॅकओएस टाका, सिस्टिम प्रेफरन्सेसमध्ये स्टार्टअप डिस्क म्हणून ती निवडा, आणि आवरण दुहेरी टेपने आयमॅकच्या पायाच्या मागे चिकटवून द्या. सेकंदाला ४०० एमबीच्या आसपास वेग मिळतो, आतल्या साटापेक्षा थोडा कमी; पण थांबण्याचा वेळ जवळपास तेवढाच घटतो आणि रोजच्या कामात फरक कळत नाही. एक उणीव आहे: यूएसबीवरून मॅकओएस एसएसडीला ट्रिमचा आदेश देत नाही. ट्रिम म्हणजे पुसलेल्या जागांची खबर डिस्कला देणं. म्हणून अशी डिस्क काठोकाठ भरू नका, पाचवा हिस्सा मोकळा ठेवा. २००९-१० च्या आयमॅकला मात्र हा मार्ग बंद. त्यांना यूएसबी २ आहे, आणि त्यातून सेकंदाला ४० एमबीही मुश्किलीने जातात. २०११ च्या यंत्राला थंडरबोल्ट आहे, पण त्याची आवरणं महाग. ही जुनी यंत्रं उघडायला सोपी असल्याने आतूनच बदल करणं शहाणपणाचं.

विंडोजवाल्यांनी बाहेरच्या डिस्कचा हा मार्ग धरू नये. यूएसबीवरून चालणारं 'विंडोज टू गो' मायक्रोसॉफ्टने २०२० मध्येच काढून टाकलं. बाहेरची डिस्क फोटो-सिनेमे ठेवायला ठीक, विंडोजसाठी आतच जावं लागतं. सुदैवाने तुमचं झाकण गोंदाचं नाही.

खरेदी

मॉडेलचं पूर्ण नाव यंत्राच्या मागच्या किंवा खालच्या लेबलवर असतं. ते टाकून कंपनीच्या संकेतस्थळावरून दुरुस्ती-पुस्तिका मोफत उतरवता येते. एचपी तिला मेंटेनन्स अँड सर्व्हिस गाइड म्हणते, लेनोवो हार्डवेअर मेंटेनन्स मॅन्युअल, डेल सर्व्हिस मॅन्युअल. कोणताही व्हिडिओ पाहण्याआधी ही पुस्तिका पाहा. व्हिडिओतलं यंत्र आणि तुमचं यंत्र नावाने सारखं असलं तरी आतून वेगळं असू शकतं. पुस्तिकेत स्क्रू कुठे आहेत, डिस्क किती जाडीची बसते, एम.२ ची जागा आहे का आणि ती कोणती पट्टी घेते, हे सगळं चित्रांसह दिलेलं असतं.

एम.२ च्या बाबतीत गफलत फार होते. पट्टीचा आकार आणि तिची भाषा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. २२८० म्हणजे २२ मिलिमीटर रुंद आणि ८० मिलिमीटर लांब; २२४२ त्याहून आखूड. पण एकाच आकाराची पट्टी साटाचीही असते आणि एनव्हीएमईचीही. काही जागा एकच प्रकार ओळखतात. चुकीची पट्टी आणलीत तर ती खाचेत बसेलही, पण संगणकाला दिसणार नाही. एनव्हीएमई चालत असेल तर तीच घ्या, आणि जुनी अडीच इंची डिस्क महिनाभराने पुसून आतच साठवणीला राहू द्या. एम.२ ची जागा नसेल तर अडीच इंची साटा एसएसडी, ७ मिलिमीटर जाडीची. तुमच्या खोबणीत साडेनऊ मिलिमीटरची डिस्क होती तर एसएसडीच्या खोक्यातली प्लास्टिकची चौकट लावून ती फट भरा. २७ इंची आयमॅकमध्ये साडेतीन इंची डिस्क असते, तिथे अडीच इंचीसाठी जोडपट्टी वेगळी घ्यावी लागते. २०१२ च्या अखेरीपासूनच्या २१.५ इंचीत अडीच इंचीच बसते; त्याआधीच्या २१.५ इंचीत मात्र साडेतीन इंचीच असते.

क्षमता किती? ज्यांचं काम वर्ड, टॅली, ब्राउझर एवढंच आहे त्यांना ५०० जीबी पुष्कळ. फोटोशॉप-कोरल करणाऱ्यांनी १ टीबी घ्यावी. विंडोजमध्ये ५०० ची डिस्क ४६५ दिसते आणि १ टीबीची ९३१. त्यात दुकानदाराने फसवलेलं नसतं. कंपनी हजाराच्या पटीत मोजते आणि विंडोज १०२४ च्या. टिकाऊपणाची धास्ती बाळगू नका. सॅमसंगच्या ८७० ईव्हीओ या ५०० जीबीच्या साटा डिस्कवर कंपनी ३०० टीबी लिखाणाची हमी देते. रोज २० जीबी लिहिलंत, आणि घरगुती वापरात तेवढं सहसा होत नाही, तरी तो आकडा गाठायला ४१ वर्षं लागतील. भीती दुसरी आहे. एसएसडी बिघडते तेव्हा बहुतेकदा आवाज न करता, एका क्षणात बिघडते. जुनी डिस्क निदान कुरकुरून सांगायची. त्यामुळे डिस्क नवी असली तरी बॅकअप चुकत नाही.

लॅमिंग्टन रोडवर घ्या, गावातल्या दुकानात घ्या किंवा ऑनलाइन मागवा. जीएसटीचं बिल घ्या आणि डिस्कवरचा सीरियल नंबर कंपनीच्या संकेतस्थळावर टाकून वॉरंटी दिसते का ते त्याच दिवशी बघा. अनोळखी नावाची, निम्म्या किमतीत दुप्पट जागा देणारी डिस्क तुमच्या हिशेबांसाठी नाही.

एक प्रश्न पैसे घालण्याआधीच विचारायचा. विंडोज १० चा नियमित मोफत पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि विंडोज ११ साठी इंटेलचा आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा प्रोसेसर आणि टीपीएम २ ही सुरक्षेची सोय लागते. यंत्र सहाव्या-सातव्या पिढीचं असेल तर एसएसडीने ते वेगवान होईल, पण अधिकृतपणे ११ वर जाणार नाही. बँकेचे व्यवहार त्यावर होत असतील तर हा खर्च करायचा की नव्या यंत्रात घालायचा, याचा विचार करा. तसं यंत्र लिनक्ससाठी मात्र उत्तम.

नक्कल की नवी मांडणी

खरं काम हे आहे. यंत्र उघडायला अर्धा तास पुरतो, डेटा नीट हलवायला एक दिवस द्या.

पहिला नियम असा की नक्कल करण्याआधी महत्त्वाच्या फायली तिसऱ्या ठिकाणी, म्हणजे जुन्या आणि नव्या दोन्ही डिस्कांच्या बाहेर, ठेवलेल्या असाव्यात. नक्कल करताना मूळ आणि नक्कल यांची अदलाबदल झाली की कोरी डिस्क भरलेल्या डिस्कवर उमटते, आणि तिथून परतीचा रस्ता नाही. स्रोत आणि लक्ष्य निवडताना डिस्कचं नाव आणि आकार मोठ्याने वाचा. हसू येईल, पण वाचा.

विंडोजची नक्कल करायची तर यूएसबी-साटा केबल किंवा एनव्हीएमईचं आवरण लावून नवी डिस्क बाहेरून जोडतात. सॅमसंगची डिस्क असेल तर तिचं डेटा मायग्रेशन, क्रुशल किंवा वेस्टर्न डिजिटलची असेल तर अॅक्रोनिसची त्या कंपनीने दिलेली आवृत्ती मोफत मिळते. क्लोनझिला सगळ्यांसाठी मोफत आणि भरवशाचं आहे, पण ते नेहमीच्या पद्धतीत जुन्याइतकीच किंवा मोठी डिस्क मागतं. १ टीबीवरून ५०० जीबीवर यायचं असेल तर आधी पार्टिशन आकसावं लागेल. नुसतं सी ड्राइव्ह उचलून चालत नाही. त्याच्या आगेमागे ईएफआय आणि रिकव्हरीची छोटी पार्टिशनं असतात, तीही गेली पाहिजेत. नाहीतर नवी डिस्क सुरूच होणार नाही. नक्कल झाल्यावर पहिल्यांदा यंत्र सुरू कराल तेव्हा फक्त नवी डिस्क जोडलेली असू द्या. दोन डिस्कांवर एकच ओळखक्रमांक असला की विंडोज गोंधळतं.

दोन सापळे नक्की तपासा. पहिला बिटलॉकर. विंडोजची होम आवृत्तीसुद्धा 'डिव्हाइस एन्क्रिप्शन' या नावाने डिस्क गुपचूप कुलूपबंद करते. सेटिंगमध्ये जाऊन ते आधी बंद करा आणि ४८ अंकी रिकव्हरी की मायक्रोसॉफ्टच्या खात्यातून कागदावर उतरवून घ्या. दुसरा ऑप्टेन. २०१८ ते २०२० दरम्यानच्या पुष्कळ यंत्रांवर '१ टीबी अधिक १६ जीबी ऑप्टेन' असं लिहिलेलं असे. ही १६ जीबीची पट्टी एम.२ च्या जागेत बसलेली असते आणि हार्ड डिस्कशी जोडी जुळवून चालते. इंटेलच्या रॅपिड स्टोरेज सॉफ्टवेअरमधून ती जोडी आधी तोडा, मगच डिस्कला हात लावा. इंटेलने २०२२ मध्ये ऑप्टेनचा धंदाच गुंडाळला, त्यामुळे ती पट्टी काढून तिथे एनव्हीएमई एसएसडी बसवणं हा उत्तम सौदा आहे. ती जागा एनव्हीएमई घेते का, हे पुस्तिकेत पाहिलं म्हणजे झालं. आयमॅकच्या फ्युजन ड्राइव्हचीही हीच गोष्ट. छोटी एसएसडी आणि मोठी हार्ड डिस्क मिळून ती एकच डिस्क असल्याचं भासतं. एक काढली की दुसरीवरचा डेटाही निरुपयोगी होतो. तिथे टाइम मशीनचा पूर्ण बॅकअप असल्याशिवाय पुढे जाऊच नका.

मला स्वतःला नक्कल करण्यापेक्षा नवी मांडणी आवडते. सहा वर्षांचा कचरा नव्या डिस्कवर कशाला न्यायचा? मायक्रोसॉफ्टच्या मीडिया क्रिएशन टूलने ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर विंडोज मोफत उतरवता येतं. विंडोज १० आणि ११ चा परवाना मदरबोर्डशी जोडलेला असल्याने डिस्क बदलल्यावर नवीन 'की' लागत नाही. मांडणी करताना 'माझ्याकडे की नाही' हा पर्याय निवडा, इंटरनेट जोडल्यावर ते आपोआप सक्रिय होतं. मॅकओएस बिग सरपासून सिस्टिमचा भाग मोहोरबंद असल्याने सुरू होणारी नक्कल करणं मॅकवरही किचकट झालंय. तिथे पेनड्राइव्हवरून नवी मांडणी करून मायग्रेशन असिस्टंटने जुना डेटा ओढणं सरळ.

नव्या मांडणीत विसरल्या जाणाऱ्या गोष्टी ठरलेल्या आहेत. टॅलीचा परवाना त्या यंत्राशी बांधलेला असतो. जुनी डिस्क चालू असतानाच टॅलीतून तो 'सरेंडर' करा आणि नव्या डिस्कवर पुन्हा सक्रिय करा. दुसरी गोष्ट फॉन्टची, आणि ती मराठी कार्यालयांत हमखास अडवते. सोसायटीचे जुने ठराव, शाळेचे दाखले, पत्रिकांचे मजकूर डीव्हीबी-टीटी सुरेख, श्रीलिपी किंवा कृतिदेवमध्ये टाइप केलेले असतात. हे फॉन्ट युनिकोडचे नाहीत. नव्या विंडोजवर ते नसले की सगळा मजकूर इंग्रजी चिन्हांची रांगोळी होऊन समोर येतो. विंडोजच्या फोल्डरमधला फॉन्ट्स हा फोल्डर सबंध उचलून ठेवा, आणि श्रीलिपीसारख्या पॅकेजची सीडी व डोंगल कुठे आहेत ते आजच शोधा. आउटलुकची पीएसटी फाइल, ब्राउझरमधले पासवर्ड, डिजिटल सहीच्या टोकनचा ड्रायव्हर, प्रिंटर-स्कॅनरची सॉफ्टवेअरं यांचीही यादी करा.

उघडताना

यंत्र बंद करा, वायर भिंतीतून काढा, मग पॉवरचं बटण दहा सेकंद दाबून धरा. बऱ्याच घरगुती विंडोज यंत्रांत वीजपुरवठ्याचा अडॅप्टर बाहेर असतो. आयमॅकमध्ये तो आत आणि उघडा असतो. वायर काढल्यानंतरही त्यातल्या कपॅसिटरमध्ये धक्का देण्याइतकी वीज राहते. वीजपुरवठ्याच्या त्या बोर्डाला बोट लागू देऊ नका.

टेबलावर दुहेरी गोधडी पसरा आणि विंडोजचं यंत्र पडदा खाली करून तिच्यावर ठेवा. खाली टाचणी, पेन, चिमटा काही नाही ना, हात फिरवून पाहा. पाया काढा, झाकणाचे स्क्रू काढा. एखादा स्क्रू रबरी टोपीखाली किंवा लेबलखाली लपलेला असतो. झाकण हटत नसेल तर जोर वाढवण्याऐवजी पुस्तिका पुन्हा उघडा. खटके सोडवायला लोखंडी स्क्रूड्रायव्हर घालू नका, जुनं एटीएम कार्ड उत्तम चालतं. स्क्रू ज्या जागेचे, त्या क्रमाने कागदावर चिकटवून ठेवा आणि प्रत्येक टप्प्याला मोबाइलने फोटो काढा. पट्टीसारखी चपटी केबल दिसली तर ओढण्याआधी तिच्या तोंडावरचं बारीक झडप उचलायचं असतं. ते तुटलं तर बोर्डच दुरुस्तीला जातो. हात लावण्यापूर्वी एखाद्या मोठ्या धातूच्या वस्तूला स्पर्श करा. मुंबई-कोकणच्या दमट हवेत स्थिर विजेचा त्रास क्वचित होतो, पण विदर्भ-मराठवाड्याच्या कोरड्या थंडीत लोकरी स्वेटर घालून हे काम करू नका. एम.२ पट्टी तिरकी घालून मग आडवी दाबायची आणि टोकाला स्क्रू लावायचा.

गोंदवाला आयमॅक उघडावाच लागला, म्हणजे आतली डिस्क मेलीच असेल, तर दोन माणसं हवीत. आधी नव्या चिकटपट्ट्यांचा तुमच्या मॉडेलचा संच आणि फोम कापायचं छोटं चाक हाताशी घ्या. साध्या डबल-साइड टेपवर पडदा टांगू नका. चाक काचेच्या कडेने डावीकडून वर, वरून उजवीकडे, मग खाली असं फिरवा. ते खोल घुसवू नका आणि वरच्या मध्यभागी, कॅमेऱ्याजवळ विशेष जपून. खालची कड शेवटी. वरची बाजू हलकेच पुढे झुकवली की मागे दोन केबली दिसतात, पडद्याच्या विजेची आणि चित्राची. त्या सोडवल्याशिवाय पडदा आणखी ओढलात तर केबल फाटते. डिस्क बदलून झाल्यावर जुना गोंद आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, आणि नव्या पट्ट्या लावण्याआधी पडदा केबलींसह जागेवर ठेवून रंगाऱ्याच्या कागदी टेपने तात्पुरता धरा. यंत्र सुरू करा, डिस्क दिसते का, पडदा उजळतो का ते बघा, पुन्हा वायर काढा आणि मगच चिकटवा. हा टप्पा गाळणाऱ्यांना दुसऱ्यांदा पट्ट्या विकत घ्याव्या लागतात.

२०११ च्या आयमॅकमध्ये एक खोड आहे. अॅपलने डिस्कच्या विजेच्या जोडणीतूनच तापमानाची खबर घ्यायची सोय केली होती. दुसरी डिस्क लावली की ती खबर येत नाही आणि पंखा पूर्ण वेगाने घोंघावत राहतो. २००९-१० च्या यंत्रांतही डिस्कच्या सेन्सर-केबलचा असाच घोळ आहे. यावर तापमापक बसवलेली वेगळी केबल मिळते, किंवा पंख्यावर ताबा ठेवणारं सॉफ्टवेअर चालवतात. केबल घ्यावी. सॉफ्टवेअर मॅकओएस सुरू असेपर्यंतच काम करतं.

पहिल्यांदा सुरू करताना डिस्क दिसली नाही तर घाबरू नका. एचपीवर एस्केप दाबून एफ९, डेल आणि लेनोवोवर एफ१२ दाबलं की कुठून सुरू व्हायचं याची यादी येते. मॅकवर ऑप्शन, कमांड आणि आर धरून इंटरनेट रिकव्हरी उघडते. कोरी डिस्क डिस्क युटिलिटीत आधी एपीएफएसने फॉरमॅट करावी लागते, आणि ती दिसायला 'शो ऑल डिव्हायसेस' निवडावं लागतं. आत बसवलेल्या परक्या साटा एसएसडीला मॅकवर ट्रिम आपोआप चालू होत नाही, टर्मिनलमध्ये ट्रिमफोर्स हा आदेश देऊन तो चालू करा.

जुनी डिस्क लगेच पुसू नका. महिनाभर तशीच ठेवा. विसरलेली फाइल पहिल्या दोन-तीन आठवड्यांतच आठवते. नंतर यूएसबीच्या आवरणात घालून बॅकअपला वापरा, तब्येत चांगली असेल तरच.

हे सगळं वाचून काम दुकानात देणं बरं वाटलं, तर त्यात कमीपणा नाही. गोंदवाल्या आयमॅकसाठी तेच योग्य. फक्त बोलताना चार गोष्टी ठरवून घ्या: कोणत्या कंपनीची आणि मॉडेलची डिस्क बसणार, नक्कल होणार की नवी मांडणी, पडदा फुटल्यास जबाबदारी कोणाची, आणि जुनी डिस्क परत मिळणार की नाही. शेवटची अट सोडू नका. त्या डिस्कवर तुमची पॅन-आधारची चित्रं, रुग्णांच्या नोंदी, सभासदांचे हिशेब आहेत, आणि नुसतं फॉरमॅट मारलेल्या डिस्कवरून ते कोणालाही परत काढता येतात. 'एक्स्चेंज'च्या नावाखाली दुकानदार दोन-चारशे रुपये कमी करत असेल तर ते त्यालाच राहू द्या आणि डिस्क घरी घेऊन या.